जुनी लेबलं चालतील

त्या उन्हाळ्यात पाऊस कुणाचंच ऐकत नव्हता. फरची झाडं सकाळी ओली, दुपारी ओली, आणि संध्याकाळी जरा वाळतील असं वाटेपर्यंत नदीवरून पुन्हा धुकं चढून यायचं. ओल्या झाडाचा डिंक काढून काही उपयोग नसतो. त्यात पाण्याचा थेंब गेला की तो दुधाळ होतो, आणि दुधाळ डिंक कोणी फुकटसुद्धा घेत नाही. रोसेर पेल्शा खिडकीशी बसून आभाळाला शिव्या घालायचा, आणि चुलीपाशी उभी असलेली त्याची बायको सोलांज मनातल्या मनात म्हणायची, पड रे बाबा, असाच पडत राहा.

त्यांचं घर दुसऱ्या रांगेवरचं शेवटचं. नदीला समांतर असे एकामागे एक जे रस्ते गेलेत त्यांना तिकडे रांगाच म्हणतात. दुसऱ्या रांगेच्या मागे बटाट्याची शेतं संपतात आणि फरचं रान सुरू होतं. उन्हाळ्यात फरच्या सालीवर फोड येतात, टचटचीत भरलेले. रोसेरकडे बापाच्या हातचा पत्र्याचा डबा होता, त्याला अणकुचीदार चोच. चोच फोडात खुपसायची, अंगठ्याने खालून दाबायचं, की डिंक डब्यात उतरतो. एका फोडातून चार थेंब. दिवसभरात वाटी भरली तर नशीब म्हणायचं. डास कान सोलून काढायचे, मान वर करकरून आखडायची, आणि बोटं अशी चिकटायची की संध्याकाळी सोलांज लोणी चोळून ती एकेक सुटी करायची. हे काम करणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत, आणि तीही चिकटलेल्या बोटांवर, असं रोसेर म्हणायचा.

डिंक चमचाभर घेतला की खोकला जातो, जखमेवर लावला की जखम भरते, असं तिकडची जुनी माणसं मानतात. म्हणून तो लहान बाटल्यांतून गावच्या दुकानात आणि नदीकाठच्या दोन-तीन औषधांच्या दुकानांत जायचा. बाटलीवर हिरवं लेबल: 'पेल्शांचा फरचा डिंक'. खाली एक वाकडं झाड, रोसेरच्या बापाने काढलेलं. बापाला चित्रकला येत नव्हती आणि ते लपवावं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. लेकीने, नादीनने, सरकारी परवानासुद्धा मिळवून दिला होता, त्याचा आकडा झाडाच्या बुडाशी छापलेला होता.

मग वसंतात, बर्फ वितळत असताना, नादीनचा फोन आला. ती नदीपलीकडे दूर उत्तरेला इस्पितळात कामाला होती. सरकारी खात्याचा नवा नियम आला होता. असल्या सगळ्या घरगुती, झाडपाल्याच्या औषधांची लेबलं बदलायची. आत काय आहे त्याचा चौकटीत तक्ता, अक्षर अमुक इतकं मोठं, इशारे, आणि कुणाला त्रास झाला तर फोन करायला नंबर. जूनअखेरची तारीख होती. सोलांजने फोन कानाला धरून सगळं ऐकलं आणि मोठ्याने नवऱ्याला सांगितलं, कारण रोसेरला फोनमधलं ऐकू येत नसे.

"फोन नंबर?" रोसेर म्हणाला. "कुणाला त्रास झाला तर मला फोन करणार? मला ऐकू येत नाही. पलीकडे मेला तरी मी म्हणेन, हवा छान आहे."

"ती म्हणते, मी छापून देते नवीन. तक्ता काढावा लागेल."

"केवढा तक्ता? बाटली बघ केवढी! गुंडाळून वर गाठ मारायची काय? आणि बापाचं झाड कुठे जाणार?"

"झाडाला जागा उरणार नाही म्हणते."

रोसेरने बाटलीवरच्या झाडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मग झालं तर. तारखेपर्यंत जे खपेल ते खपेल. त्यानंतर बंद."

सोलांजला ही पडत्या फळाची आज्ञा वाटली. तिने "बरं" म्हटलं आणि पाठ वळवली, कारण तोंडावरचं समाधान त्याला दिसायला नको होतं.

त्या समाधानाला कारण होतं. आदल्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत, रोसेर रानातून वेळेवर परतला नव्हता. शेजारचा कोनराद, ज्याच्या मालकीचं ते रान, कंदील घेऊन शोधायला गेला. रोसेर ओढ्याच्या चुकीच्या अंगाला एका बुंध्यावर बसलेला सापडला. डबा मांडीवर, टोपी व्यवस्थित. कोनरादने विचारलं, "इथे काय करतोयस?" तर म्हणाला, "रस्ता येईल म्हणून बसलोय." जन्मभर त्या रानात हिंडलेला माणूस. कोनराद फार थट्टेखोर, पण ही गोष्ट त्याने गावात कुठेही सांगितली नाही.

डॉक्टरणीने रोसेरला कागदावर घड्याळ काढायला लावलं. त्याने आकडे सगळे एका बाजूला दाटीवाटीने काढले आणि म्हणाला, "बाकीची जागा तुमच्या सहीला." ती हसली, पण सोलांजला बाहेर घेऊन म्हणाली, विसरण्याच्या आजाराची ही सुरुवात आहे, रानात एकट्याने पाठवू नका. सोलांजने घरी येऊन सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा बूटही लपवून पाहिले. रोसेर मोज्यांवर निघाला. तिचे गुडघे असे, की अंगणापलीकडे तिला त्याच्यामागे जाता येईना. रोज तो डबा घेऊन कुंपण ओलांडायचा आणि तो परत दिसेपर्यंत ती खिडकीतून हलायची नाही. जे बायकोला जमलं नाही, डॉक्टरणीला जमलं नाही, ते लेबलाने केलं म्हणून ती मनात त्या सरकारी खात्याचे आभारच मानत होती.

जून अर्धा झाला आणि नादीनचा पुन्हा फोन आला. रोसेर मागच्या कोठीत बाटल्या मोजून रचून ठेवत होता.

"ममां, चांगली बातमी आहे. सूट मिळाली! तात्पुरती, पण मिळाली. महिनाअखेरपर्यंत ज्या बाटलीवर जुनं लेबल लागलेलं असेल, ती संपेपर्यंत विकता येईल. ऐकतेयस ना? म्हणजे कोठीत आहेत त्या सगळ्या चालतील. आणि पपाने या पंधरा दिवसांत भरल्या, लेबलं लावली, तर त्यासुद्धा!"

"हो."

"पपाला सांग लगेच. उड्या मारेल म्हातारा."

"मारेल," सोलांज म्हणाली.

खरंच मारल्या असत्या. तिला तो दिसायलाच लागला: डबा काखेत मारून, या ओल्या, निसरड्या, धुक्यात बुडालेल्या रानात, तारखेच्या आत होईल तेवढं भरून घ्यायला अंधार पडेपर्यंत हिंडणारा. ओल्या झाडांत कोरडं झाड शोधत तो किती आत जाईल याचा नेम नव्हता. तिने फोन ठेवला, हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले, आणि वाटाण्याचं सूप ढवळायला लागली.

रोसेर आत आला. "कोण होतं?"

"नादीन. तिकडेही पाऊसच आहे म्हणते."

एवढंच. मूग गिळून बसायचं म्हणजे काय, हे तिला त्या दिवसापासून कळलं. ते मूग गिळले जात नाहीत, गळ्यातच राहतात.

दोन दिवसांनी रोसेरने परसात टब मांडला. गावच्या दुकानातल्या आणि औषधवाल्यांकडच्या बाटल्याही त्याने परत आणवल्या होत्या. सोलांज दारात आली.

"हे काय चाललंय?"

"लेबलं काढतोय. तारखेनंतर कुणाच्या फळीवर बापाच्या नावाची बाटली सापडली आणि कोणी म्हटलं की पेल्शांचा माल बेकायदा, तर? डिंक मोठ्या पिंपात ओततो. शहरात तो व्हायोलिनवाला आहे, तो वार्निशसाठी घेईल. त्याला लेबल नको असतं." त्याने एक बाटली पाण्यात सोडली. "लेबल चुकलं म्हणून डिंक खोटा ठरायला नको, म्हातारे."

आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. तोंड उघडलंही.

"पाणी गार आहे," रोसेर म्हणाला. "गारात गोंद सुटत नाही. गरम आणतेस जरा?"

ती आत गेली आणि किटली चुलीवर ठेवली. पाणी तापेपर्यंत तिने स्वतःला समजावलं की एक बाटली काढून तो कंटाळेल. तिने किटली नेऊन टबात ओतली.

तो कंटाळला नाही. सगळ्या आयुष्यात जो कंटाळला नव्हता तो आता कुठला कंटाळतोय. पावसाची झड आली की टब छपराखाली ओढायचा, थांबली की बाहेर. बाटली भिजवायची, बटाटे सोलायच्या सुरीने कडा उचलायची, मग अंगठ्याने लेबल सरकवत सरकवत काढायचं. काही अख्खी निघत, काही झाडाच्या मध्ये फाटत. निघालेली लेबलं तो वर्तमानपत्रावर पसरायचा आणि संध्याकाळी आणून चुलीत घालायचा. पाण्यात राहून त्याच्या बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली झाली. नखांत गोंद भरला. सोलांज गरम पाणी आणायची, नेऊन ओतायची, रिकामी किटली परत आणायची. एकेक बाटली उघडी पडताना ती पाहायची, आणि तिला कळत होतं की सूट तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच किटलीच्या पाण्यात विरघळतेय. लेबल उतरलेल्या बाटलीला ती लागू नव्हती.

"गप्प गप्प का?" एकदा त्याने विचारलं. "तुला तर बरं वाटत असेल. म्हातारा घरात बसणार."

"बरं कसलं वाटायचंय."

"खोटं बोलतेस," तो हसून म्हणाला. "तुझे कान लाल झालेत."

तिला रडू आलं. तिने ते चुलीच्या धुरावर ढकललं, आणि त्याने ते मान्य करून टबावर परत मान वाकवली.

महिना संपला, तारीख गेली. पिंप भरलं. बाटल्या धुऊन, पुसून, उलट्या करून टेबलावर मांडलेल्या होत्या, सोलांजला मुरंब्यासाठी. रोसेर आता सकाळी उठून दाढी करायचा आणि मग काय करायचं हे न कळून पुन्हा गालावरून हात फिरवत बसायचा. तरी तो घरात होता. रात्री बिछान्यात त्याचा श्वास ऐकला की तिला वाटायचं, आपण बरोबर केलं. सकाळी त्याला रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं की वाटायचं, आपण पाप केलं. हे असं रोज, दोन्ही खरं.

जुलैत एका सकाळी कोनराद स्ट्रॉबेऱ्यांची परडी घेऊन आला. दारातच बूट काढले, टेबलावरच्या बाटल्या पाहिल्या.

"हे काय? दारू गाळायला काढलीस की काय? मला का नाही बोलावलं?"

"मुरंबा," रोसेर म्हणाला. "लेबलं काढून टाकली सगळी. तारीख गेली ना."

"काढली? का?" कोनराद खुर्ची ओढून बसला. "अरे, माझी मेहुणी मेणाचं मलम करते ना, तिला सूट मिळाली. आधी लावलेली जुनी लेबलं संपेपर्यंत चालतील. सरकार म्हणतंय, तूर्त चालवून घेऊ. माझी बायको जन्मभर माझ्याबद्दल म्हणते तसंच." तो एकटाच हसला. "सगळ्यांनाच आहे ती. तुला कळवलं नाही?"

"नाही."

"नादीनला विचार. तिला कळलं असणार."

सोलांज चुलीवर बकव्हीटच्या पिठाची धिरडी घालत होती. तिने धिरडं उलटलं नाही. ते तव्यावर करपायला लागलं.

रोसेर उठला. फोनपाशी गेला, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला नंबर बोटाने धरून एकेक आकडा दाबला. पलीकडून फोन उचलला गेल्यावर तो ओरडला, "नादीन! पपा बोलतोय! लेबलांची सूट आहे म्हणतात! आपल्याला आहे का?" पलीकडचं त्याला काही कळेना. त्याने फोन कोनरादपुढे केला. "तू ऐक. मला मोठ्याने सांग."

कोनरादने फोन कानाला लावला आणि ऐकेल तसं, खणखणीत आवाजात, बहिऱ्याला सांगावं तसं सांगायला लागला. "आहे म्हणते! आपल्यालाही आहे! जूनमध्येच कळलं होतं म्हणते! तिने लगेच ममांला सांगि..."

तो थांबला. पण जे पोचायचं ते पोचलं होतं. फोनमधून नादीनचा आवाज बारीक येत राहिला, पपा, पपा काय झालं. कोनरादने "नंतर कर, पोरी" म्हणून फोन ठेवला, बूट हातातच घेतले आणि मोज्यांवर ओल्या अंगणातून निघून गेला.

सोलांजने तवा उतरवला. खोलीत करपट वास भरला होता. रोसेर टेबलाशी बसला, एक बाटली सरळ केली, परत उलटी ठेवली.

"म्हणजे मी टबापाशी होतो तेव्हा तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि गरम पाणी तू आणून देत होतीस."

 मग एकदम सगळं बाहेर आलं. "तू गेला असतास! त्या चिखलात, त्या धुक्यात गेला असतास, तारखेच्या आत भरायला! आणि कुठेतरी रस्त्याची वाट बघत बसला असतास! मी काय करायचं होतं? माझ्याने कुंपण ओलांडवत नाही. मी खिडकीत उभी राहून मरायचं होतं रोज?"

"मला विचारायचं होतंस. कदाचित मीच नको म्हटलं असतं."

"नसतं म्हटलंस."

रोसेरने विचार केला. "नसतं म्हटलं," तो कबूल झाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि सोलांजला तेच सोसवेना. "पण ते माझं मी गेलो असतो ना."

ती त्याच्यापाशी गेली, खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही. खुर्चीच्या पाठीवर ठेवावा तसा तो हात तिथे राहिला.

त्यानंतर तिने पुष्कळ केलं. नादीनकडून नवं लेबल मागवलं, तक्ता-बिक्ता सगळं घालून, झाडाला कोपऱ्यात नखाएवढी जागा काढून. रोसेरने ते पाहिलं आणि "छान आहे" म्हणून बाजूला ठेवलं. तिने कोनरादला गाठून विचारलं, की तू याच्याबरोबर रानात जाशील का, रोज नाही, हवा चांगली असेल तेव्हा. कोनराद म्हणाला, त्यात विचारायचं काय. बैल गेला नि झोपा केला, हे तिला कळत होतं. तरी माणूस झोपा करतोच.

आणि याच दिवसांत रोसेर विचारायला लागला. पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं नाही. "सोलांज, मी पत्रपेटीपर्यंत जाऊन येऊ?" तिने "जा की" म्हटलं. मग, "मी अंगणात बसू का?" मग, "दुसरा कप चहा घेऊ का?" तिने हसून म्हटलं, "अरे, तुझंच घर आहे." तो मान हलवायचा आणि पुढच्या वेळी परत विचारायचा. दारापाशी उभा राहायचा, टोपी हातात, आणि ती हो म्हणेपर्यंत कडीला हात लावायचा नाही.

तो टोमणा मारतोय असं तिला आधी वाटलं. तिला ते हवंही होतं; टोमणा मारणारा रोसेर तिच्या ओळखीचा होता. तिने त्याच्या डोळ्यांत पाहून पाहिलं, कुठे खोडीची रेघ दिसते का. कधी दिसल्यासारखी वाटे. कधी तिथे फक्त वाट पाहणं असायचं. तिने नादीनला फोनवर सांगितलं. नादीन म्हणाली, आजार वाढला की असं होतं, ममां, तुझा दोष नाही. सोलांजने फोन ठेवला. आजाराने असेल तर आपण सुटलो, असं मनात आल्याची तिला लाज वाटली.

सप्टेंबरात आभाळ एकदाचं उघडलं. सलग कोरडे दिवस, वारा, चावणाऱ्या काळ्या माश्या संपलेल्या. एका सकाळी कोनराद दाराशी आला, आत न येताच ओरडला.

"रोसेर! चल! ओढ्याच्या अलीकडची झाडं बघ, फोड इतके भरलेत की आपोआप फुटतील. विकायला नको, लेबल नको. घरातल्या खोकल्यापुरता काढू. मी बरोबर आहे, म्हाताऱ्या, सोडत नाही तुला."

रोसेर उठला. त्याच्या तोंडावर इतक्या महिन्यांत न दिसलेला रंग आला. कोठीत जाऊन त्याने डबा आणला, चोच सदऱ्याला पुसली, बूट घातले, नाड्या स्वतः बांधल्या.  जा, सोलांजला म्हणावंसं वाटत होतं, जा, जा, अंधार पडला तरी चालेल.

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. टोपी काढली. वळून तिच्याकडे पाहिलं.

"जाऊ का?"

"जा ना," सोलांज म्हणाली. "कोनराद आहे. जा तू."

त्याने मान हलवली, पण हलला नाही. बाहेर कोनराद ताटकळला होता, ऊन अंगणभर पडलं होतं. रोसेर टोपी दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला, शांतपणे, तिने अजून काही सांगायचं राहिलंय असं समजून.

"किती वाजता परत येऊ?" त्याने विचारलं.